गांजाच्या रोपाला कोणता दिवा?



मागच्या महिन्यात शब्बाथच्या प्रार्थनेनंतर आपल्यातल्या एका अंकलनी मला बाजूला घेतले. वय पंचाहत्तरच्या पुढे. मणक्याच्या जुन्या दुखण्यासाठी त्यांना मेडिकल कॅनबिसचा परवाना मिळालेला आहे. हळूच म्हणाले, "दर महिन्याला फार्मसीत एवढे शेकेल मोजण्यापेक्षा ममादमध्ये दोन रोपे लावावीत म्हणतो. तिथे ऊन येत नाही, म्हणून नातू म्हणतो दिवा लागेल. कोणता घेऊ?"

अंकलना मी लगेच सांगितले, "त्या रोपासाठी कोणताच नको." पण नुसते 'नको' म्हटले तर माणसाचे समाधान होत नाही. आणि हा प्रश्न मनात असलेले ते एकटेच नसावेत. म्हणून या वेळचा पाठ याच विषयावर.

परवाना कशाचा असतो?

आपल्या लहानपणी कोकणात गांजा म्हटले की चिलीम ओढणारा गोसावी डोळ्यांसमोर यायचा. आज तेच झाड इस्रायलमध्ये औषध म्हणून मिळते. पण परवाना असतो तो औषध जवळ ठेवण्याचा आणि वापरण्याचा. घरी रोप लावण्याचा नसतो. लागवड सरकारी परवाना असलेल्या शेतांवर होते, माल प्रयोगशाळेत तपासला जातो आणि मग फार्मसीत येतो. रोप एक असो वा दोन, घरी लावणे हा गुन्हाच आहे. दुखण्यासाठी रीतसर मिळालेली सवलत अशी धोक्यात घालू नये.

दिवा रोपाला काय देतो?

रोप प्रकाशातून आपले अन्न तयार करते. त्यासाठी निळा आणि तांबडा प्रकाश फार उपयोगी, पण हिरवाही थोडाफार कामी येतो. दिव्याच्या खोक्यावर 'ल्युमेन' लिहिलेले असते. ते माप माणसाच्या डोळ्याला किती उजेड दिसतो याचे आहे, रोपाला किती मिळतो याचे नाही. म्हणून जास्त ल्युमेनचा दिवा रोपाला चांगला असेलच असे नाही.

गांजाचे झाड दिवस-रात्रीचा हिशेब ठेवते. रात्र मोठी झाली की त्याला फुले येतात, आणि औषध त्या फुलांतच असते. म्हणून बंद जागेत लागवड करणारे आधी रोज साधारण १८ तास प्रकाश देतात आणि फुलांच्या वेळी १२ तास प्रकाश, १२ तास पूर्ण अंधार ठेवतात. त्या अंधारात वारंवार उजेड पडला तर फुलांचा क्रम बिघडतो. शिवाय या झाडाला प्रखर प्रकाश लागतो. समजा ३०० वॅटचा दिवा १८ तास चालला, तर दिवसाला ५.४ युनिट वीज जाते, महिन्याला १६२ युनिट. आपल्या बिलावरचा दर घेऊन गुणाकार करा. त्यात पंख्याची वीज आणि खोली थंड ठेवण्याचा खर्च धरलेला नाही, कारण दिव्यात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन राहते. बचत कुठे राहिली?

दिवा मात्रा मोजत नाही

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. फार्मसीच्या डब्यावर 'टी १० सी १०' असे काहीतरी लिहिलेले असते. टी म्हणजे टीएचसी, ज्याने दुखणे कमी वाटते पण गुंगीही येते. सी म्हणजे सीबीडी, ज्याने तशी गुंगी येत नाही. टी १० सी १० म्हणजे दोन्ही साधारण १० टक्के, ठरवून दिलेल्या मर्यादेत थोडे कमीजास्त. डॉक्टर हे आकडे पाहूनच तुमचे औषध ठरवतात.

घरच्या रोपावर असा आकडा लिहिलेला नसतो. एकाच झाडाच्या शेंड्याचे फूल, ज्यावर भरपूर प्रकाश पडतो, आणि खालच्या सावलीतले फूल यांच्या ताकदीत फरक असतो. दिवा कितीही महाग घेतला तरी हा फरक डोळ्यांना दिसत नाही.

टीएचसी हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले ते आपल्याच देशात, रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत, १९६४ साली, प्रोफेसर रफाएल मेखुलाम आणि येहिएल गाओनी यांनी. पुढे मेखुलाम यांनी १० मिलिग्रॅम टीएचसी घातलेला केक काही मित्रांना खायला दिला. मात्रा सर्वांना सारखी, पण प्रत्येकावर परिणाम वेगळा झाला. मोजलेल्या मात्रेची ही गत, तर न मोजलेल्या मात्रेचे काय?

आपल्या वयात ही चूक महाग पडते. टीएचसी जास्त झाले की उठून उभे राहताना रक्तदाब उतरतो, चक्कर येते, छाती धडधडते. रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचे हाड मोडले तर त्याचा त्रास मणक्यापेक्षा मोठा. वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर सीबीडीने त्याचा परिणाम वाढू शकतो. शिवाय दमट, बंद खोलीत फुलांना बुरशी लागते. केमोथेरपी चालू असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला त्या बुरशीने फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ शकतो.

त्या खोलीत आपणही असतो

ममाद ही सायरन वाजल्यावर धावत जाण्याची जागा आहे. तिथे जमिनीवर वायरी, पाण्याच्या कुंड्या आणि डोक्याच्या उंचीवर टांगलेला तापलेला दिवा असेल तर घाईत अडखळणार कोण? आपणच.

डोळ्यांचेही पाहा. प्रखर एलईडीकडे सरळ पाहू नये. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तर जास्त जपावे, कारण म्हातारपणी पिवळसर झालेले भिंग निळा प्रकाश काहीसा अडवत असते आणि नवे स्वच्छ भिंग तो जास्त आत सोडते. जांभळ्या-गुलाबी दिव्याखाली रंग नीट ओळखू येत नाहीत. तिथे गोळ्यांचे डबे उघडू नयेत. संध्याकाळी उशिरापर्यंत असा उजेड अंगावर घेतला तर झोपही लांबते.

मग दिवा घ्यायचाच असेल तर?

अंकलना हे सगळे सांगितल्यावर ते थोडे हिरमुसले. मग हसून म्हणाले, "रोपाला पाणी घालायला बरे वाटले असते हो." ते अगदी खरे. सकाळी उठून पाहायला काहीतरी हिरवे असणे हेही औषधच. म्हणून कोथिंबीर आणि पुदिन्यासाठी दिवा असा निवडा:

१. रंग: साधा पांढरा, 'फुल स्पेक्ट्रम' लिहिलेला, ४००० केल्विनच्या आसपासचा. जांभळा नको. 'यूव्ही' लिहिलेला मुळीच नको.

२. ताकद: ३० बाय ६० सेंटिमीटरच्या ट्रेला २० ते ३० वॅटचा एलईडी पुरे. ३० वॅटचा दिवा १४ तास चालवला तरी महिन्याला १३ युनिटपेक्षा कमी वीज लागते.

३. उंची: पानांपासून २० ते ३० सेंटिमीटर वर. पानांच्या उंचीवर अर्धा मिनिट हात धरा. गरम लागले तर दिवा वर घ्या. रोपे बारीक होऊन लांब वाढली तर थोडा खाली आणा.

४. वेळ: पुदिन्याला १४ तास चालतील, कोथिंबिरीला १२ पुरेत. फार प्रकाश आणि उष्णता मिळाली की कोथिंबीर लवकर फुलावर येते. आपल्या घरात शब्बाथचे घड्याळ असतेच, तेच लावा. शुक्रवारी पाणी घालून ठेवले की शब्बाथला हात लावायला नको. दिवा झोपण्यापूर्वी दोन तास तरी बंद होईल असे पाहा.

५. जागा: बसल्यावर दिवा थेट डोळ्यांत येऊ नये. वायर भिंतीलगत, प्लग पाण्यापासून दूर आणि उंच. स्टुलावर चढून दिवा टांगू नका. ते काम नातवाला सांगा.

कढीपत्त्याला मात्र खरे ऊनच लागते, त्याची कुंडी बाल्कनीतच राहू द्या.

आणि औषधाचा खर्च? फार्मसिस्टला विचारा, कारण त्याच प्रकारात वेगवेगळ्या कंपन्यांचे भाव वेगळे असतात. औषधाने चक्कर येत असेल किंवा गुण येत नसेल तर ते मनाने वाढवू-कमी करू नका, डॉक्टरांना सांगा. घरातल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या.

अंकलनी आता स्वयंपाकघरात ट्रे ठेवला आहे. परवा फोन आला, "चटणीपुरती कोथिंबीर निघाली." दुखणे आहेच, पण औषध डब्यावरचा आकडा वाचून घेतात.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. शालोम.