शंका-समाधान : राजा आणि त्याचे सामंत

फ्रँक राजा धर्मनिष्ठ लुई याची त्याच्याच मुलांनी आणि सरदारांनी केलेली कोंडी, या विषयावर लातूर-नांदेड भागातून बरीच पत्रे आली. त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : लुईच्या सरदारांनी ऐन वेळी त्याची साथ सोडली. आपल्या मराठवाड्यात कोणा राजावर असा प्रसंग आला होता का? (निवृत्त शिक्षक, लातूर)

आला होता, आणि ज्या घराण्यावर आला ते आपले मूळ तुमच्याच गावाशी जोडत असे. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवीत. हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

शार्लमेन ८१४ च्या जानेवारीत वारला आणि त्याचा मुलगा लुई सत्तेवर आला. त्याच ८१४ च्या सुमारास दिग्विजयी तिसरा गोविंद वारला आणि अमोघवर्ष राष्ट्रकूटांच्या गादीवर बसला. दोघांनाही बापाचे अफाट राज्य मिळाले, पण बापाचा दरारा वारशाने मिळत नसतो. त्यात लुई छत्तिशीतला होता, तर अमोघवर्ष जेमतेम तेरा-चौदा वर्षांचा.

चार-पाच वर्षांतच सामंत उठले, काही भाऊबंद त्यांना मिळाले आणि कोवळ्या राजाला गादी सोडावी लागली. त्याला पुन्हा गादीवर बसवले ते लाटचा, म्हणजे दक्षिण गुजरातचा, कारभार पाहणारा चुलतभाऊ कर्क याने. लुईवर हीच वेळ ८३३ मध्ये आली. कोल्मारजवळ मुलांच्या फौजेसमोर तो उभा असताना त्याचे सरदार एकेक करून पलीकडे गेले. सोआसाँ येथे त्याला सर्वांसमक्ष प्रायश्चित्त घ्यायला लावले. पुढच्याच वर्षी त्याला गादी परत मिळाली, पण गेलेली पत काही परत आली नाही.

प्रश्न : अमोघवर्षाविरुद्ध बंड झाले, हे इतक्या खात्रीने कसे सांगता येते? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नांदेड)

ताम्रपटांवरून. कर्काचा ८१६ चा नवसारी ताम्रपट पाहिलास तर त्यात बंडाचा शब्दही नाही. त्याच कर्काच्या ८२१ च्या सुरत ताम्रपटात मात्र त्याने बंडखोरांना मोडून अमोघवर्षाला स्वपदी बसवल्याचे सांगितले आहे. म्हणजे बंड आणि पुनःस्थापना दोन्ही या पाच वर्षांच्या आत उरकली. डॉ. अनंत सदाशिव अळतेकरांनी राष्ट्रकूटांच्या इतिहासात याच पद्धतीने हा काळ पक्का केला.

यावर कोणी म्हणेल की कर्क स्वतःची फुशारकी मारत असेल. म्हणून अमोघवर्षाचा स्वतःचा संजान ताम्रपट, शके ७९३ म्हणजे इ.स. ८७१ चा, फार मोलाचा आहे. उतारवयात, सगळे स्थिरस्थावर झाल्यावर, राजाने आपल्यावर आलेल्या त्या संकटाची नोंद स्वतःच्या दानपत्रात ठेवली. प्रशस्ती म्हणजे सहसा विजयांची यादी. त्यात असे काही लिहिले जाते, तेव्हा घाव किती खोल होता ते कळते. परीक्षेसाठी सनावळी पाठ कर, पण दोन ताम्रपट शेजारी ठेवून वाचायची सवयही लावून घे.

प्रश्न : राजाने सामंतांना इतके डोईजड होऊच का दिले? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कंधार)

तुझ्या गावचा जगत्तुंग समुद्र हा तलाव राष्ट्रकूट राजांचेच बिरुद आजही मिरवतो आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. कंधारपासून लाट किंवा दक्षिण कर्नाटकातली गंग राजांची गंगवाडी किती लांब आहे ते नकाशावर बघ. घोड्यावरून निरोप जायला आठवडे लागत. एवढ्या मुलखावर पगारी फौज आणि पगारी अधिकारी ठेवायचे तर रोकड हवी, आणि राज्याचे उत्पन्न तर बव्हंशी धान्याच्या रूपात जागच्या जागी गोळा होई. म्हणून जिंकलेल्या राजालाच मांडलिक करून त्याच्या जागी ठेवायचे, किंवा भावाला, सेनापतीला मुलूख नेमून द्यायचा. त्याने खंडणी द्यायची आणि बोलावले की फौज घेऊन यायचे. मोठ्या सामंताला 'पंचमहाशब्द', म्हणजे पाच मंगलवाद्ये वाजवण्याचा मान मिळे. त्याचा स्वतःचा दरबार असे, आणि दोन-तीन पिढ्यांत नेमून दिलेला मुलूख वडिलोपार्जित होऊन जाई.

फ्रँकांकडेही तेच झाले. लुईचा मुलगा टकल्या चार्ल्स याने ८७७ मध्ये किएर्झी येथे काढलेल्या हुकमात, मोहिमेच्या काळात काउंट वारला तर त्याच्या मुलाचा हक्क जपायची तजवीज केली. नेमणुकीचे वतन झाले की राजाचा हुकूम ही विनंती होऊन बसते.

प्रश्न : अमोघवर्ष विद्याप्रेमी म्हणून प्रसिद्ध आहे. मग राजा म्हणून तो कमजोर होता का? (वाचक भगिनी, औसा)

ताई, हा समज पुष्कळांचा आहे, पण तो बरोबर नाही. बापासारखे दिग्विजय त्याने केले नाहीत हे खरे. तरीही बंडांनी सुरू झालेली कारकीर्द त्याने सुमारे ६४ वर्षे टिकवली आणि मान्यखेट, म्हणजे आजचे मळखेड, वैभवाला नेले. ८५१ च्या सुमारास अरब व्यापारी सुलेमान याने बल्हाराची, म्हणजे राष्ट्रकूट राजाची, गणना जगातल्या चार थोर राजांत केली.

त्याची खरी ताकद माणसे जोडण्यात होती. त्याचा सेनापती बंकेय गंगवाडीच्या मोहिमेवर कावेरीपार असताना इकडे घरातच उठाव झाला. त्यात खुद्द राजपुत्र सामील होता, असे कोन्नूरचा लेख सांगतो. राजाचा निरोप पोहोचताच बंकेयाने पण केला : तीन महिन्यांत शत्रू मोडून स्वामींना दूध पाजू शकलो नाही, तर अग्निप्रवेश करीन. तो आला आणि त्याने उठाव मोडला. गंगांशी चाललेले वैर राजाने शेवटी सोयरिकीने मिटवले. आपली मुलगी चंद्रोबलब्बा त्याने गंग राजपुत्र बूतुग याला दिली.

पण या मार्गालाही मर्यादा होती. ज्या कर्काने गादी मिळवून दिली, त्याच्याच मुलाशी, ध्रुवाशी, अमोघवर्षाचे बिनसले आणि ध्रुव लढाईत मारला गेला. लाटच्या शाखेशी समेट व्हायला तिसरी पिढी उजाडावी लागली. निष्ठा माणसाशी असते. माणूस गेला की ती मुलाकडे आपोआप जात नाही.

प्रश्न : या दुखण्यावर कोणी कायमचा उपाय शोधला का? (वाचक, उदगीर)

राष्ट्रकूटांना तो सापडला नाही. त्यांचा मूळ पुरुष दंतिदुर्ग हा चालुक्यांचा सामंत. ७५३ च्या सुमारास त्याने धन्याचेच राज्य घेतले. फ्रँकांकडे ७५१ मध्ये शार्लमेनचा बाप पेपिन याने आपल्या मेरोव्हिंजियन राजाला दूर सारले होते, तसेच हे. पुढे ९७३ मध्ये तैलप या सामंताने राष्ट्रकूटांची सत्ता संपवली आणि ९८७ मध्ये ह्यू कापे या बड्या सरदाराकडे फ्रँकांचा मुकुट गेला.

विचारपूर्वक उपाय केला तो पुढे पंधराव्या शतकात, बहमनी वजीर महमूद गावान याने. चार मोठ्या तरफांचे, म्हणजे प्रांतांचे, त्याने आठ भाग केले. त्यांतला एक नांदेड जिल्ह्यातल्या माहूरचा. प्रत्येक तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवला आणि बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. तरफेतला काही मुलूख थेट खालसात घेतला. पगार वाढवले, पण हजेरीत शिपाई कमी भरला की त्याचे पैसे कापले. दुखते तिथेच बोट ठेवल्यावर सरदार गप्प कसे बसणार? गावानच्या शिक्क्याचे बनावट पत्र तयार झाले आणि नशेतल्या सुलतानाने ५ एप्रिल १४८१ रोजी त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करवला. वर्षभरात सुलतानही गेला आणि बारा वर्षांचा महमूदशहा गादीवर आला.

पुढचा इतिहास तुमच्या किल्ल्याशी निगडित आहे. उदगीर, औसा आणि कंधार बहमनी सरदार कासिम बरीदच्या जहागिरीत होते. त्या बळावर तो राजधानी बीदरचा कर्ताकरविता झाला आणि त्याच्या मागे मुलगा अमीर बरीद. इतिहासकार फिरिश्ता सांगतो : महमूदशहा एकदा निसटून वऱ्हाडच्या इमादुल्मुल्काकडे गेला. इमादुल्मुल्क त्याच्यासाठी फौज घेऊन बीदरवर आला. लढाईची वेळ झाली, पण सुलतान स्नान करीत होता. बोलवायला आलेल्या माणसाने टोमणा मारला, तेव्हा सुलतान रागाने घोड्यावर बसला आणि थेट अमीर बरीदच्याच बाजूला जाऊन मिळाला!

म्हणून माझे उत्तर असे : अमोघवर्षाने माणसे सांभाळली, पण व्यवस्था होती तशीच ठेवली. गावानने व्यवस्था बदलली, पण ती राखणारा राजा त्याला मिळाला नाही. मुलूख, फौज आणि किल्ला एकाच हाती पिढ्यान्‌पिढ्या राहू न देणे, हाच कायमचा उपाय होता. त्यासाठी नियम लागतो, आणि नियमामागे ठाम उभा राहणारा राज्यकर्ताही लागतो. दोन्हींपैकी एक जरी कमी पडले, तरी लट्टलूरच्या घराण्याचे झाले तेच बहमनींचेही होते.