सॉफ्टवेअर एक, वापरणारे अनेक : आपला हिशेब आपल्यापुरताच कसा राहतो?



एकाच गावात एकाच नावाचे तीन-तीन सभासद असतात. म्हणून कारखान्याने पहिल्यापासून प्रत्येकाला सभासद क्रमांक दिला. लागणीची नोंद, तोडणीची स्लिप, काट्यावरची पावती आणि बिल, सगळीकडे तोच क्रमांक चालतो. पूर्वी ही माहिती रजिस्टरात असे, रजिस्टर कपाटात आणि कपाटाची किल्ली हेडक्लार्कच्या खिशात. आता रजिस्टर संगणकात गेले. पुष्कळ संस्थांचा तर संगणकही आवारात राहिलेला नाही. माहिती दूरच्या, भाड्याच्या संगणकावर असते. यालाच क्लाउड म्हणतात. मग किल्ली आता कोणाच्या खिशात? प्रस्तुत पाठाचा विषय हाच आहे.

भाडेकरू म्हणजे काय?

सॉफ्टवेअर कंपनी एकच प्रणाली बनवते आणि अनेक संस्थांना वापरायला देते. अशी प्रत्येक संस्था म्हणजे एक भाडेकरू, म्हणजेच टेनंट. खर्च वाटला जातो आणि दुरुस्ती एकदा केली की सर्वांना लागू होते. केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांसारख्या संस्थांच्या, संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीतही क्लाउडवरचे समान सॉफ्टवेअरच योजले आहे. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

विचार सहकाराचाच आहे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. ऊस सगळ्यांचा एकाच गव्हाणीत पडतो, बिल मात्र ज्याचे त्याला मिळते. यंत्र सामाईक असावे, खातेवही सामाईक नसावी. कोणाची उचल किती, सोसायटीची बाकी किती, बँक खाते कोणते, हे शेजाऱ्याला किंवा दुसऱ्या संस्थेला कळण्याचे कारण नाही.

माहिती ठेवण्याच्या तीन पद्धती

(१) स्वतंत्र घर : प्रत्येक संस्थेचे वेगळे माहिती-कोठार, म्हणजे डेटाबेस. सर्वांत सुरक्षित, पण खर्च जास्त.

(२) एक वाडा, वेगळ्या खोल्या : डेटाबेस एक, पण प्रत्येक संस्थेचे तक्ते वेगळे. खर्च मध्यम, मात्र संस्था वाढल्या की देखभाल अवघड होते.

(३) एक गोदाम, पोत्यांवर खूण : सर्व संस्थांची माहिती एकाच तक्त्यात, आणि प्रत्येक ओळीवर संस्थेचा क्रमांक. सर्वांत स्वस्त.

तिसऱ्या पद्धतीत पोती एकमेकांना खेटून असतात, म्हणून राखण कडक हवी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने माहिती मागताना दर वेळी 'फक्त या संस्थेच्या ओळी' अशी अट घालावी लागते. शंभर ठिकाणी घातली आणि एके ठिकाणी विसरली, तर त्या एका पडद्यावर सर्वांचे हिशेब दिसू शकतात.

यावर उपाय असा की अट माणसाच्या आठवणीवर न सोडता गोदामाच्या दारावरच राखणदार बसवावा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ या आवृत्तीपासून अशी सोय आहे. तिला ओळ-पातळीवरील सुरक्षा म्हणतात. प्रोग्रॅम अट विसरला तरी डेटाबेस स्वतःच परक्या ओळी गाळून टाकतो.

राखणदार कोठे फसतो?

पहिली गोष्ट, मालकाची किल्ली. तक्त्याचा मालक म्हणून नोंदलेल्या खात्याला हा राखणदार एरवी अडवत नाही. म्हणून रोजचे काम मालकाच्या खात्याने करू नये. त्यासाठी कमी अधिकारांचे वेगळे खाते असावे.

दुसरी गोष्ट, काटा शून्यावर आणणे. काट्यावरून एक गाडी उतरली आणि आकडा शून्यावर न आणता दुसरी चढवली, तर काय होईल ते तुम्हांला सांगायला नको. डेटाबेसशी जोडलेली एकच वाट अनेक संस्था आळीपाळीने वापरतात. आधीच्या संस्थेची खूण पुसली गेली नाही, तर पुढच्याला तिची माहिती दिसते. प्रत्येक मागणीच्या सुरुवातीला खूण नव्याने लावणे आणि शेवटी पुसणे, हा नियम पाळावाच लागतो.

तिसरी गोष्ट, क्रमांक म्हणजे अधिकार नव्हे. समजा, मोबाइलवर तुमचे बिल उघडले आणि पत्त्याच्या पट्टीत शेवटी ४१२ हा आकडा आहे. कोणी तो ४१३ केला आणि पुढच्या सभासदाचे बिल उघडले, तर तो मोठा दोष समजावा. सभासद क्रमांक गावात सगळ्यांना ठाऊक असतो. मागणारा कोण, हे त्याने सांगितलेल्या आकड्यावरून नव्हे तर लॉगिनच्या वेळी पटलेल्या ओळखीवरून ठरले पाहिजे. ओवास्प या संगणक-सुरक्षा क्षेत्रातील संस्थेने २०२१ च्या दोषांच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातील दोषाला पहिले स्थान दिले, ते उगीच नाही.

मोठ्यांकडूनही चूक होते

ऑगस्ट २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवरील कॉसमॉस डीबी या सेवेत असाच दोष निघाला. मूळ डेटाबेसला जोडलेल्या एका जादा सोयीतून एका ग्राहकाला दुसऱ्या ग्राहकांच्या किल्ल्या मिळू शकत होत्या. विझ या कंपनीच्या संशोधकांनी तो शोधून कळवला. मायक्रोसॉफ्टने ती सोय बंद केली आणि ग्राहकांना किल्ल्या बदलण्यास सांगितले. संशोधकांखेरीज कोणी माहिती पाहिल्याचा पुरावा नाही, असे कंपनीने सांगितले. बोध एवढाच की मुख्य दार भक्कम असले तरी मागाहून पाडलेली खिडकीही तपासावी लागते.

आपल्या घरातली शिस्त

संस्था-संस्थांमध्ये भिंत असली म्हणजे काम संपले असे नाही. गटातल्या चिटबॉयला प्लॉट आणि तोडणीची तारीख दिसली की पुरे. बँक खाते कशाला? काट्यावरच्या क्लार्कने वजन नोंदवावे, पण नंतर ते एकट्याने बदलू नये. ज्याचे जेवढे काम, त्याला तेवढाच अधिकार. नोकरी सुटली की त्याच दिवशी प्रवेश बंद. आणि काढून घेतलेल्या एक्सेलच्या याद्या, बॅकअप, व्हॉट्सॲपवर फिरणारे तक्ते यांच्यावर कोणताच राखणदार नसतो, हेही विसरू नये.

कायदाही आता स्पष्ट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. काम बाहेरच्या कंपनीला दिले तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवरच राहते. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंड संस्थेला झाला, तरी संस्था कोणाची? आपलीच.

वार्षिक सभेत विचारावयाचे प्रश्न

१. आपली माहिती वरीलपैकी कोणत्या पद्धतीने ठेवली आहे?
२. कंपनीच्या माणसाला ती पाहायची झाल्यास परवानगी कोण देतो, आणि ती किती वेळ टिकते?
३. कोणी, केव्हा, काय पाहिले याची नोंद राहते का? ती कोण तपासतो?
४. एका संस्थेच्या खात्यातून दुसरीची माहिती उघडून पाहण्याची चाचणी कधी केली?
५. करार संपल्यावर माहिती परत मिळेल का, आणि त्यांच्याकडची पुसली जाईल का?

अहवालातला ताळेबंद आपण ओळ न् ओळ वाचतो. काट्याबद्दल शंका आली तर काट्यापाशी जाऊन उभे राहतो. संगणकातला काटा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तेथे प्रश्न विचारूनच उभे राहावे लागते. आणि सभासदांनीही आपला ओटीपी कोणाला, अगदी ओळखीच्या माणसालासुद्धा, सांगू नये.