पाठ : सुटी बिडी, शाळेचं अंतर आणि आपलं दुकान



मागच्या मासिक बैठकीत एका ताईंनी प्रश्न विचारला आणि सगळ्या गप्प झाल्या. त्यांनी गटाचं कर्ज काढून किराणा दुकान टाकलंय. हप्ता कधी चुकला नाही. त्या म्हणाल्या, "सुटी बिडी विकायची नाही असा कायदा आहे म्हणता. मी बंद केली तर गिऱ्हाईक पुढच्या टपरीवर जाईल. बिडीबरोबर साखर, चहापत्तीही तिथूनच घेईल. मग हप्ता कोण भरणार?"

प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर सरकारनं हे नियम का केले, ते आधी समजून घेऊ.

तंबाखूबद्दलचा आपल्या देशाचा मुख्य कायदा २००३ सालचा. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'कोटपा' म्हणतात. सार्वजनिक ठिकाणी बिडी-सिगारेट ओढायला बंदी, जाहिरातीला बंदी, १८ वर्षांखालच्या मुलांना विकायला बंदी आणि पाकिटावर इशारा, ही त्यातली चार मोठी कलमं. सार्वजनिक ठिकाणचे कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. मोडला तर २०० रुपयांपर्यंत दंड. पाकिटावरचं ते भयंकर चित्र २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर छापावं लागतं.

याचा उपयोग झाला का? देशभराच्या मोठ्या पाहणीत २००९-१० साली शंभर प्रौढांमागे १४ जण धूम्रपान करत होते. २०१६-१७ च्या पाहणीत ते प्रमाण १०.७ वर आलं. महाराष्ट्रात तर त्या दुसऱ्या पाहणीत ते ३.८ टक्केच होतं. पण लगेच पाठ थोपटून घेऊ नका. आपल्याकडे ओढणारे कमी असले तरी खाणारे आणि लावणारे भरपूर. तव्यावर तंबाखू भाजून मिश्री कोण करतं, हे आपल्याला माहीत आहे. मिश्री 'दातासाठी' म्हटली तरी तंबाखूच. तिचा वेगळा पाठ घेऊच.

आता सुट्या बिडीकडे या. माणूस बिडी कमी करतो त्यामागे भाव हे सगळ्यात मोठं कारण असतं. म्हणून सरकार कर वाढवतं. भाव वाढला की आधी हात आखडतो तो नव्यानं लागलेला पोरगा आणि रोजंदारीवरचा माणूस. पण दुकानात सुटी मिळाली की वाढलेला भाव अंगाला लागत नाही. अख्ख्या पाकिटाचे पैसे मोजताना माणूस विचार करतो. एक-दोन बिड्यांचे सुटे पैसे खिशातून कधी गेले ते कळतही नाही. शिवाय चित्र असतं पाकिटावर. सुटी घेणाऱ्याला ते दिसतच नाही. शाळकरी पोराची पहिली बिडी सुटीच असते, कट्टा घ्यायला त्याच्याकडे पैसे कुठले? म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं सुट्या बिडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. इशारा नसलेला माल विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कायद्यात तरतूद आहे.

एक कबूल करायला हवं. बिडीवरचा कर सिगारेटपेक्षा कमीच राहिलाय, आणि बिडी ओढणारे गरिबाघरचे. बिडी वळणाऱ्याही बाया. सोलापूरकडच्या वळणाऱ्या बायकांच्या हाताला दुसरं काम न देता नुसता कर वाढवला तर भार त्यांच्यावर पडतो. सरकारनं दोन्ही बाजू बघायला पाहिजेत, असं माझं मत. 'बिडी सिगारेटपेक्षा हलकी' हे मात्र साफ खोटं. ती विझू नये म्हणून जोरजोरानं ओढावी लागते आणि तेवढा धूर जास्त आत जातो.

दुकानदार ताईंनो, तुमच्यासाठी आणखी दोन गोष्टी. शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटर, तंबाखूची कुठलीच वस्तू विकता येत नाही. कर्जाचा अर्ज करतानाच दुकानाची जागा पावलांनी मोजून घ्या. दुसरं, "आजोबांनी बिडी मागितलीय" म्हणत सातवीतलं पोरगं आलं तरी द्यायची नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाच्या हातात तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आणि आपण आयांनीही पोराला बिडी आणायला पाठवणं थांबवू या.

घरचा हिशोबही करा. रोज २० रुपयांची बिडी धरली तर महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,३०० रुपये जातात. आपली मासिक बचत शेजारी लिहून बघा. घरधन्याला हा कागद दाखवताना भांडू नका. सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत नंबर द्या. तो पाकिटावरही छापलेला असतो. तलफ एकट्याच्या निश्चयानं सुटतेच असं नाही, म्हणून तर तो नंबर आहे.

आता त्या ताईंचा प्रश्न. एकटीनं बंद केलं तर तोटा तिचा, हे खरंच. म्हणून बैठकीत ठरलं ते असं : गावातली सगळी दुकानं आणि टपऱ्या यांना एकाच दिवशी सांगायचं, ग्रामसंघाच्या लेटरहेडवर ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडायचा. मुख्याध्यापकांनाही बरोबर घ्यायचं. ताईंनी त्या दिवसापासून सुटी बिडी ठेवायची नाही असं कबूल केलंय. पुढचे तीन महिने त्यांच्या विक्रीची वही बैठकीत उघडायची. खरंच घट आली तर हप्त्याचं काय करायचं ते गटानं ठरवायचं.

तुमच्या गावात शाळेपासून पहिली टपरी किती पावलांवर आहे, ते मोजून पुढच्या बैठकीला घेऊन या.