गच्चीवर सोलर बसवतेयस ना, मग हे ऐक

अगं, तीन किलोवॅटचं सोलर घ्यायचं ठरवलंस, फार बरं केलंस. सूर्यघर योजनेतून 78,000 रुपयांचं अनुदान मिळेल. पण ते काम झाल्यावर खात्यात येतं, म्हणून पैशांची सोय आधीच करून ठेव. पॅनल भारतात बनलेले आणि बसवणारा योजनेत नोंदणी केलेला आहे ना, हे आगाऊ रक्कम द्यायच्या आधी बघ. आणि पाण्याच्या टाकीची सावली तपास, थंडीत ती फार लांब पडते.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. "ताई, बिल शून्य येणार, मग गीझर हवा तितका वापरेन," असं परवा म्हणालीस. तसं करू नकोस गं. चांगलं ऊन असलं की तुझ्या गच्चीवर दिवसाला 12 युनिटच्या आसपास वीज होईल. उरलेली महावितरणकडे जमा होईल आणि रात्री वापरलीस ती त्यातून वजा होईल. हा झाला बिलाचा हिशेब. रात्री आठ वाजता तुझ्या घरात येणारी वीज काही दुपारच्या उन्हाची नसते, आपल्याकडे ती बहुतेक कोळशाचीच असते.

चंद्रपूरचं वीज केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे. तिथले संच दुपारी झटकन बंद करून संध्याकाळी पुन्हा सुरू करता येत नाहीत. बॉयलर एकदा थंड झाला की तापायला तासन्‌तास जातात. म्हणून दुपारी ते कमी भारावर चालू ठेवायचे आणि दिवेलागणीला, सोलर बंद होऊन घरोघरी एसी सुरू झाले, की त्यांच्यावरचा भार वाढवायचा. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या धुराखाली, त्या राखेत राहणारी माणसं आपलीच आहेत.

म्हणून पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, घरघंटी, इस्त्री हे सगळं अकरा ते तीनमध्ये उरकत जा. नोकरीमुळे घरी नसलीस तर मशीनला टायमर असतोच. पहाटेच्या अंघोळीसाठी सोलर बंब बसव, त्यातलं पाणी आदल्या दिवशीच्या उन्हावर तापलेलं असतं. आणि पंखे बदल. जुना पंखा 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी 30 च्या आसपास. पंखे रात्रभर चालतात, म्हणजे तिथं वाचलेली वीज थेट कोळशातून वाचते. माझं ऐकशील तर पॅनलच्या आधी पंखेच घे. मग कदाचित दोन किलोवॅटमध्येही भागेल.

अजून एक, लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ती सोय असते. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेव, नाहीतर पहिल्याच दिवशी त्यांना वाटेल फसवलं. आणि बसवणाऱ्याने दिलेला कोटेशनचा कागद सही करण्याआधी मला पाठव, आपण दोघी मिळून बघू.