‘केपर’ शब्दाची कुळकथा

‘केपर’ म्हणजे आनंदानें बागडणें, उड्या मारणें. उडी म्हटली कीं आपणांस कपि आठवतो. म्हणून हा इंग्रजी शब्द संस्कृत ‘कपि’पासून निघाला असावा, असें कोणासही वाटेल. परंतु त्याचें कूळ वानराचें नव्हे, बोकडाचें आहे. लॅटिन भाषेंत ‘कापेर’ म्हणजे बोकड. त्याच कुळांतील ‘काप्रिओला’ हा इटालियन शब्द उडी या अर्थीं रूढ झाला. त्याचाच संक्षेप इंग्रजी ‘केपर’ होय, असें कोशकार मानितात.

फ्रान्सांत उसळत धांवणाऱ्या दोन चाकांच्या हलक्या घोडागाडीसही याच कुळांतून ‘कॅब्रिओले’ हें नांव मिळालें. त्याचें आखूड रूप ‘कॅब’. पनवेल स्थानकाबाहेरची कॅब अशी करडाच्या उडीची नातलग ठरते! विद्यार्थिमित्रांनो, नाद सारखा म्हणून नातें जोडूं नये. आधीं कोश उघडावा, असें आम्ही सुचवितों.