औषधी आळिंबीची लागवड : ओंडक्यापासून पिशवीपर्यंत

लहान मुलाचे तोंड आले किंवा त्याची लाळ अतोनात गळू लागली, म्हणजे फणसोंबा सहाणेवर उगाळून देण्याची प्रथा कोकणात व पश्चिम महाराष्ट्रात जुनी आहे. फणसाच्या वयस्क खोडावर येणारी, लाकडासारखी कठीण अशी ही बुरशी होय. आळिंबीचा औषधासाठी उपयोग ही परदेशातून आलेली नवलाई नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. नवीन आहे ती तिची लागवड. फणसोंबा कोणी पिकवीत नसे. तो रानात शोधून आणावयाचा. हाती आलेला तुकडा नेमक्या कोणत्या जातीचा, किती वर्षांचा आणि कसा साठविलेला, याची खात्री देणाऱ्यालाही नसे आणि घेणाऱ्यालाही नसे.

गॅनोडर्मा, शिताके, कॉर्डिसेप्स ही नावे अलीकडे ग्रामीण भागातही ऐकू येऊ लागली आहेत. या आळिंबींना मिळणाऱ्या चढ्या भावांच्या जाहिराती बचत गटांपर्यंत पोहोचतात, आणि कर्जाचे किंवा शेडचे प्रस्ताव पंचायतीपुढे येतात. असा प्रस्ताव समोर आल्यावर त्याची पारख करावयाची, तर या पिकाची लागवडपद्धती कशी सुधारत गेली आणि त्यातील प्रत्येक पायरी कशासाठी आली, हे माहीत असणे आवश्यक आहे. यातील बहुतेक नुकसान एखादी पायरी गाळल्यामुळे होते.

प्रार्थनेच्या जागी स्पॉन

लागवडीचा सर्वांत जुना इतिहास शिताकेचा आहे. चीनमधील वांग झेन याच्या १३१३ सालच्या कृषिग्रंथात तिच्या लागवडीचे वर्णन आढळते. झाड पाडावयाचे, खोडावर कुऱ्हाडीने खाचा पाडावयाच्या आणि वाऱ्याने येणारे बीजाणू त्या खाचांत रुजण्याची वाट पाहावयाची, अशी ती रीत होती. जपानमध्येही शतकानुशतके हेच चालले. बीजाणू रुजले तर संपत्ती, न रुजले तर पाडलेले जंगल आणि डोक्यावर कर्ज, असा हा जुगार होता. आळिंबी उगवावी म्हणून ओंडक्यांपुढे हात जोडून बसलेला एक शेतकरी ओइता भागातील खेड्यात मोरी किसाकु या तरुणाने पाहिला, आणि त्या दृश्याने त्याच्या संशोधनाला दिशा दिली, अशी हकीकत जपानात सांगितली जाते.

मोरी यांनी १९४० च्या दशकात काढलेली युक्ती वरवर पाहता साधी होती. लाकडाच्या लहान खुंट्यांवर शिताकेचे शुद्ध कवकजाल वाढवावयाचे आणि ओंडक्याला भोके पाडून त्या खुंट्या त्यांत ठोकून बसवावयाच्या. वाऱ्यावर असलेली भिस्त संपली. कोणत्या ओंडक्यात कोणते वाण आहे, हे शेतकऱ्यास प्रथमच माहीत झाले. आळिंबीच्या या बियाण्यास स्पॉन म्हणतात. आपल्याकडे ते बहुधा ज्वारीच्या किंवा गव्हाच्या उकडून निर्जंतुक केलेल्या दाण्यांवर तयार करतात.

स्पॉनची शुद्धता औषधी आळिंबीत अधिक महत्त्वाची ठरते. भाजीच्या आळिंबीत वाण बदलले तर फार तर चव बदलेल. औषधी आळिंबीत वाण बदलले तर द्रव्येच बदलतात. ‘गॅनोडर्मा ल्युसिडम’ या एकाच नावाखाली जगभर अनेक भिन्न जाती वावरत होत्या. पूर्व आशियात लिंगझी किंवा रेशी म्हणून पिकविली जाणारी आळिंबी ही युरोपातील मूळ ल्युसिडमहून निराळी असल्याचे दाखवून शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये तिला ‘गॅनोडर्मा लिंगझी’ हे स्वतंत्र नाव दिले. सबब रस्त्याकडेच्या झाडावरील चकचकीत लाल बुरशी उतरवून तीच रेशी म्हणून विकणे अशास्त्रीय आहे. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९८३ पासून आळिंबी संशोधनाची राष्ट्रीय संस्था कार्यरत असून तेथे अशा वाणांचा संग्रह आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अखिल भारतीय समन्वित आळिंबी प्रकल्पाचे केंद्र आहे.

ओंडक्याऐवजी भुसा

ओंडक्यावरील शिताकेस पहिले पीक येण्यास दीड ते दोन वर्षे लागतात. शिवाय ओक जातीची झाडे तोडावी लागतात. यावर उपाय म्हणून लाकडाचा भुसा उष्णता सहन करणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून त्यावर पीक घेण्याची पद्धती पुढे आली. चीनमध्ये १९८० च्या दशकात तिचा झपाट्याने प्रसार झाला. वर्षांचे काम महिन्यांवर आले, आणि वखारीतील टाकाऊ भुसा उपयोगी पडू लागला.

परंतु पिशवीबरोबर एक नवे संकटही आले. ओंडक्याचे लाकूड टणक असते व साल त्याचे काही प्रमाणात रक्षण करते. भुशात गव्हाचा कोंडा मिसळला की ते बुरशीमात्रांना सारखेच मेजवानीचे ताट होते. त्यात हिरवी बुरशी आळिंबीपेक्षा कितीतरी वेगाने वाढते. म्हणून भरलेली पिशवी दाबाखालील वाफेत दीड ते दोन तास ठेवून निर्जंतुक करावी लागते, आणि थंड झाल्यावर स्वच्छ, बंदिस्त जागीच स्पॉन भरावे लागते. धिंगरी आळिंबीचे काड गरम पाण्यात बुडवून भागते. तीच सवय येथे आणली तर सारी तुकडी हिरवी पडते.

भुसा कोणता, हा प्रश्नही किरकोळ नाही. आंब्यासारख्या रुंदपर्णी झाडाचा भुसा चांगला. सागात बुरशीला रोखणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. सागाचे लाकूड टिकाऊ ठरते ते त्यामुळेच, आणि त्याच कारणाने त्याचा भुसा या कामी निरुपयोगी. प्लायवूडचा, रंगविलेल्या अथवा रसायन पाजलेल्या लाकडाचा भुसा कटाक्षाने टाळला पाहिजे, कारण आळिंबी माध्यमातील जड धातू शोषून घेते. औषध म्हणून घ्यावयाच्या वस्तूत विष उतरावे, यासारखी दुसरी विटंबना नाही.

गॅनोडर्माचे तंत्र

पूर्व आशियात गॅनोडर्माची कृत्रिम लागवड १९७० च्या सुमारास साध्य झाली. तिच्यात हवा, उजेड व ओलावा यांवरील नियंत्रण किती सूक्ष्म असावे लागते, ते पाहण्यासारखे आहे. भुशात सुमारे पाचवा हिस्सा गव्हाचा कोंडा, थोडे जिप्सम व चुनखडी आणि सुमारे ६५ टक्के पाणी, असे माध्यम घेतात. स्पॉन भरलेल्या पिशव्या अंधारात, ३० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवल्यावर साधारण महिनाभरात पांढरे कवकजाल पसरते.

नंतर पिशवीचे तोंड उघडतात. या वेळी खोलीत उजेड हवा, आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर हवी, आणि हवा मात्र थोडी कोंदट हवी. कार्बन डाय ऑक्साइडचे प्रमाण वाढलेले असताना बोटासारखे कोंब येतात. ते पुरेसे वाढले की खेळती हवा सुरू करावयाची. तेव्हाच त्यांच्या टोकास पंख्याच्या आकाराची टोपी धरते. हवा वेळेवर न दिल्यास कोंब हरणाच्या शिंगांप्रमाणे फाटे फोडीत राहतात व टोपी धरतच नाही. वाढत्या टोपीची कड पांढरी असते. ती कड नाहीशी होऊन टोपी सर्वत्र लाल-तपकिरी झाली, म्हणजे आर्द्रता कमी करून तिला पक्व होऊ द्यावयाचे. कोवळी टोपी वजनाच्या मोहाने आधी उतरविणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष आहे.

ऊन व ओलावा या दोन्ही दृष्टींनी कोकणातील पावसाळा या आळिंबीस पुष्कळसा अनुकूल आहे. शिताकेस पीक धरताना थंडी लागते, व आपल्या राज्यात ती बहुतेक ठिकाणी यंत्रानेच निर्माण करावी लागेल. विजेचे देयक येथे स्पॉनपेक्षा मोठे ठरते.

कॉर्डिसेप्सचा मोह

हिमालयात अळीवर उगवणारी ‘कीडाजडी’ फार महाग असते. अति गोळा केल्यामुळे ती २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात गेली. भारतात बरण्यांमध्ये भाताच्या दाण्यांवर पिकविली जाते ती तिची नारिंगी भावंड, ‘कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस’. रानावरील ताण हलका करणारा पर्याय म्हणून तिचे महत्त्व आहेच. परंतु दोन्ही जाती एक नव्हेत. एकीच्या भावाचे आकडे दुसरीच्या प्रकल्प अहवालात घालणे ही फसवणूक आहे. तिला २० अंशांच्या आसपास तापमान व प्रयोगशाळेसारखी स्वच्छता लागते. आणखी एक अडचण अशी की, कवकजाल पुन:पुन्हा नव्या बरणीत वाढवीत गेल्यास त्याची पीक देण्याची शक्ती खुंटते. बरणी पांढरी होते, पण कोंब येत नाहीत. वाणाचा दर्जा सांभाळणारी प्रयोगशाळा पाठीशी नसेल, तर गटाने या पिकात उतरू नये, हे उत्तम. एखाद-दोन हंगाम धिंगरी घेऊन हात बसवावा, मग गॅनोडर्माच्या थोड्या पिशव्या कराव्यात, हा क्रम संथ खरा, पण कर्जफेडीच्या दृष्टीने सुरक्षित.

वाळवणी व दावे

उतरविलेली गॅनोडर्मा ४० ते ५० अंशांवर वाळवून हवाबंद ठेवतात. ओल राहिली तर साठवणीत भुंगा लागतो. शिताके वाळविताना टोप्यांचा पडद्यांचा भाग वर करून काही काळ उन्हात ठेवल्यास तिच्यातील ड जीवनसत्त्व पुष्कळ वाढते. यास खर्च काहीच नाही. याउलट दाण्यांवर वाढविलेले कवकजाल दाण्यांसकट दळून केलेल्या भुकटीत धान्याचा स्टार्च राहतो, आणि ग्राहक आळिंबीच्या भावात धान्याचे पीठ घेतो.

शिताकेतील लेंटिनान हे द्रव्य जपानी शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये प्रसिद्धीस आणले, व १९८५ मध्ये जठराच्या कर्करोगात मुख्य औषधाच्या जोडीने इंजेक्शनच्या रूपात देण्यास जपानने मान्यता दिली. शुद्ध केलेले द्रव्य, ठरलेली मात्रा आणि रुग्णालयातील देखरेख, असा तो प्रकार होता. त्यावरून गावच्या पाकिटावर ‘कर्करोग बरा होतो’ असे छापता येत नाही. तसे छापणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाखाली गुन्हा ठरते. अन्नपदार्थ म्हणून विक्री करावयाची तर अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी वा परवाना लागतो.

कोकण व गोवा या भागांत आणखी एक दक्षता घेणे अगत्याचे आहे. माडाचा ‘तंजावर मर’ आणि सुपारीचा ‘अणाबे’ हे मूळ व बुंधा कुजविणारे रोग गॅनोडर्मा वंशातील बुरशींमुळेच होतात. पक्व टोप्यांतून तपकिरी बीजाणूंची भुकटी मोठ्या प्रमाणात गळते, आणि पीक संपल्यावरही पिशवीतील कवकजाल जिवंत असते. ती पिशवी खत म्हणून बागेत रिकामी करणे धोक्याचे आहे. वापरलेले माध्यम पुन्हा वाफवून किंवा जाळून नष्ट करावे, तत्पूर्वी प्लॅस्टिक वेगळे काढावे, आणि माड-पोफळीच्या बागेला लागून शेडसाठी जागा मागितली गेल्यास पंचायतीने ती दुसरीकडे द्यावी.