बुद्धी मावळली, तरी माणूस उरतो

मदरशात मन्तिक, अर्थात तर्कशास्त्र शिकताना माणसाची एक व्याख्या पाठ करावी लागते : ‘हैवान-ए-नातिक’, म्हणजे विचारशक्ती व वाणी लाभलेला प्राणी. मूळ ग्रीक परंपरेतील ही व्याख्या मुस्लिम तर्कशास्त्रज्ञांनीही स्वीकारली. मानव आणि पशू यांतील भेद सांगण्यास ती उपयुक्त आहे. परंतु माणसाचे मोल केवळ तिच्यावर ठरविले, तर एक कठीण प्रश्न उभा राहतो. ज्या वृद्ध पित्याला आज मुलांची नावे आठवत नाहीत, नमाजच्या किती रकअती झाल्या हेही उमगत नाही, त्याचे माणूसपण उणावले काय?

सूरह बनी इस्राईलच्या 70 व्या आयतीत अल्लाहने आदमच्या संततीला प्रतिष्ठा दिल्याचे सांगितले आहे. ही प्रतिष्ठा बुद्धिमंतांपुरती राखून ठेवलेली नाही.

फिकहच्या विद्वानांनी पात्रतेचे दोन प्रकार मानले. पहिली ‘अहलियत-ए-अदा’, कर्तव्य व व्यवहार पार पाडण्याची पात्रता. ती बुद्धीवर अवलंबून असते. म्हणूनच बुद्धी हरपलेल्यावर नमाज-रोजाची जबाबदारी राहत नाही. दुसरी ‘अहलियत-ए-वुजूब’, हक्क धारण करण्याची पात्रता. तिला मनुष्य असणे पुरेसे आहे. त्यामुळे गर्भातील बाळासाठीही वारशाचा वाटा राखून ठेवतात. बुद्धी हरपलेल्याच्या संपत्तीवर जकात आहे की नाही, याविषयी हनफी व शाफई मतांत भेद आहे. परंतु संपत्ती त्याचीच, याबद्दल दुमत नाही. जबाबदारी उतरते, हक्क उरतो.

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोरून एक जनाजा जात होता. ते उठून उभे राहिले. तो एका यहुदी व्यक्तीचा आहे, असे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा त्यांनी उलट विचारले, की तोही एक जीव नव्हता काय? जेथे बुद्धी, वाणी आणि प्राण, सारेच संपले होते, तेथेही आदर संपला नव्हता.

आपल्या घरात मात्र वडिलांच्या देखत सहज म्हटले जाते, “यांना आता काय कळतंय?” आणि मग त्यांना न विचारता त्यांचे घर, पैसा, जेवण, सारे ठरते. याच सूरहच्या 23 व्या आयतीत वृद्ध माता-पित्यांपुढे ‘उफ्’ देखील न काढण्याची आज्ञा आहे. त्यांना कळते की नाही, हा प्रश्न तेथे नाही. आपल्याला कळते, म्हणून जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

अल्लाह आपल्याला हा हक्क जपण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.